व्हर्जिलला विकू नका

ट्विलाचा फोन आला तेव्हा मी बंदूक मेळ्यातल्या माझ्या टेबलावर कापड अंथरून जुन्या बंदुका विकायला मांडत होतो. ट्विला म्हणजे माझ्या मित्राची, व्हर्जिलची मुलगी.

"एमेटकाका, बाबा तुमच्या मेळ्याकडे निघालेत. आई गेल्यावर घरातल्या सगळ्या बंदुका मी उचलून आणल्या होत्या. आज ते लग्नाची अंगठी टेबलावर काढून गेलेत. काका, कुणालाही त्यांना काही विकू देऊ नका."

ओक्लाहोमातल्या आमच्या बंदूक मेळ्यात पूर्वी हे काम चुटकीसरशी झालं असतं. सगळे म्हातारे एकमेकांना ओळखून. एकाच्या कानात सांगितलं की कॉफी निवायच्या आत ते शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचं, आणि मग त्या माणसाला हॉलमध्ये साधा छर्रा मिळत नसे. का म्हणून कुणी विचारायचं नाही. आता निम्म्या टेबलांवर सुकवलेलं मांस, टोप्या आणि शिव्या छापलेले टी-शर्ट. उरलेल्यांवर काळ्या प्लॅस्टिकच्या बंदुका, आणि त्यांच्यामागे मी जन्मात न पाहिलेली पोरं.

तरी मी टेबलाटेबलाशी जाऊन हात जोडले. "उंच म्हातारा येईल, निळी टोपी घातलेला. त्याला नको विकूस, बाबा."

"आजोबा, विकण्याआधीच्या सरकारी तपासणीत तो साफ निघाला तर नाही म्हणणारा मी कोण?" एक पोरगा म्हणाला. "आणि तुम्ही काय त्याची आई लागता?"

तो साफच निघणार होता. बायको गेल्याचं दुःख कुठल्या सरकारी तपासणीत सापडतं?

मधल्या रांगेत व्हर्जिल दिसला. खांद्याला बंदूक लटकवून हिंडणाऱ्या एका माणसाशी बोलत होता. असे लोक नळीत काठी खोचतात आणि काठीला किमतीचा कागद लावतात. ते तपासणीच्या भानगडीतही पडत नाहीत. मी दोघांच्या मधे घुसलो, खिसा रिकामा केला आणि ती बंदूक स्वतःच विकत घेतली. घाईत काठी काढायची राहिली.

"आता मला दे," व्हर्जिल शांतपणे म्हणाला. "काठी आहे, म्हणजे विकायला आहे. लिहिलेली किंमत पुढे केली की नाही म्हणायचं नसतं. हे तूच सगळ्यांना शिकवलंस ना, एमेट?"

त्याने नोटा पुढे धरल्या. हा नियम मोडणाऱ्याला आम्ही दोघांनी मिळून दाराबाहेर काढलं होतं. मी काठी उपसली आणि गुडघ्यावर मोडली.

"तूही या नव्या पोरांतलाच झालास तर," तो म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे वळला. तिथला पोरगा हसून पिस्तुलाची पेटी उघडू लागला.

आमच्याकडे माणूस बायकोला पुरून येतो आणि पाऊसपाण्यावर बोलतो. बाकीचं कुणी ओठांवर आणत नाही. मी आणलं, हॉलभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"याची बायको गेलीय. याला जगायचं नाहीये. याला कुणी बंदूक विकू नका."

पोराने पेटी मिटली. कुणीतरी मोबाइल वर धरून आमचं चित्रण करत होतं. व्हर्जिलचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चारचौघांत नागडं केलंस मला," तो म्हणाला. "आजपासून तू मला मेलास."

"चालेल," मी म्हणालो.

तो बाहेर पडला. विकत घेतलेली बंदूक त्या पोराच्या टेबलावर टाकून मी मागे धावलो आणि त्याचा ट्रक सुरू होता होता दुसऱ्या दाराने आत चढलो. तो उतर म्हणाला नाही. माझा फोन वाजला.

"काका, बाबा कुठेत?"

"गाडी चालवतोय," मी म्हणालो. "माझ्याशी बोलत नाहीये."

ती रडायला लागली. मी फोन तसाच कानाला धरून बसलो. रस्त्याच्या कडेला पुढच्या शनिवारच्या मेळ्याची पाटी आली. आम्ही दोघांनीही ती वाचली.