दुधाचं रक्त

लकडगंजात देवरावच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर काचेचा पेला, पेल्यात त्याच्या बायकोचं, शामलाचं रक्त, आणि वर चक्क दुधासारखा पांढरा थर. बाया नारळ घेऊन उभ्या होत्या.

शामलाला तिसरा महिना होता. डोकं फार दुखतं म्हणून तिच्या सासूने, प्रयागबाईंनी, तुंबडी लावून रक्त काढणाऱ्या चंद्रभानबाबाला बोलावलं. पेल्यातलं रक्त थिजून वर पांढरं आलं, तेव्हा आधी बाबाच दचकला. पण गर्दी बघताच त्याला कंठ फुटला.

"कामधेनू उतरली माय पोटात! तिले तुपाचे लाडू चारजो. सुई लावू देजो नको, दूध नासन!"

कामधेनू तिथे असती तर तिने आधी त्यालाच शिंगावर घेतलं असतं. मी शेजारचा मास्तर. म्हटलं, "देवराव, दवाखान्यात दाखव गा."

"मास्तर, आधीची दोन लेकरं चांगली मोठी होती, पन मेलेलीच झाली," तो म्हणाला. "आता देवच आला, तं तुमी काहून आडवे येऊन राहिले?"

दोन बाळं पुरलेल्या बापाशी वाद न घालता मी घरी परतलो.

प्रयागबाई मायेने लाडू भरवत राहिल्या. शामलाची तहान काही भागेना. आठव्यात पोटातली हालचाल थांबली, तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेलं. हेही बाळ गेलेलं होतं. चांगलं गुबगुबीत होतं हो.

डॉक्टर चारुशीलाबाईंनी शामलाचं रक्त बाटलीत ठेवलं. पुन्हा तोच पांढरा थर आला. प्रयागबाईंनी हात जोडले. बाईंनी थर वेगळा काढला, त्यात ईथर नावाचं रसायन ओतून बाटली हलवली. पांढरेपणा नाहीसा झाला.

"आजी, ही चरबी. ईथरात विरघळली. दुधातल्या चरबीवर प्रथिनाचं आवरण असतं, म्हणून दूध असतं तर असं निवळलं नसतं. हिला साखरेचा आजार आहे. त्यानेच रक्तात एवढी चरबी साचली, त्यानेच बाळं अशी गुबगुबीत वाढली आणि गेली. लाडवांनी त्यात भर घातली."

प्रयागबाईंनी जोडलेले हात सोडले.

शामलाने विचारलं, "बाई, मी तिसऱ्यातच आली असती तं?"

"इन्शुलिन दिलं असतं, जेवण बदललं असतं. कदाचित वाचलं असतं."

शामला सासूकडे बघत म्हणाली, "तवाच तं दिसलं होतं ना माय. आपन आरती केली."

पेल्यात हातचलाखी नव्हती. आजार सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता आणि आम्ही त्याला हळदकुंकू वाहिलं. बायाबापड्यांनो, नवल दिसलं तर पाया पडण्याआधी ते तपासून घ्या. उशिरा कळलेलं खरं त्या बाळाच्या काही कामी आलं नाही.