पूर्वेची भिंत

"या कॉटेजमध्ये पंखासुद्धा लागता कामा नये," साहेब म्हणाले, आणि कमलिनीने ट्रेसिंग पेपरवर आणखी एक खिडकी आखली.

कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी गवती छपरांच्या कॉटेज व्हायच्या होत्या, आणि त्यांचे नकाशे निघत होते झाशीत, सीपरी बाजारातल्या एका ऑफिसात. समुद्र कमलिनीने पाहिला नव्हता. पण त्याचा वारा कुठून शिरेल, कुठून निघेल, हे ती दिवसभर बाणांनी दाखवत असे. जोतं उंच, छपराला लांब वळचण, समोरासमोर खिडक्या आणि अगदी वर झरोका, म्हणजे तापलेली हवा चढून निघून जाते. पाहुण्यांना घाम येता कामा नये.

घरी शिवाजीराव घामात भिजून पडलेले असत. अर्धांगवायूने खाटेला खिळलेल्या या नवऱ्याच्या खोलीला दार एकच, खिडकी नाही. पूर्वेच्या भिंतीपलीकडे दीर बापूरावांचं अंगण. मे महिन्यात वीज गेली की कूलर नुसता डबा. कमलिनी ओल्या पंच्याने त्यांचं अंग पुसायची. जड झालेली जीभ कशीबशी वळवून ते म्हणायचे, "तुझ्या समुद्रावर... एक खोली माझी ठेव."

ती दिराकडे गेली. भिंतीत वरच्या अंगाला हातभर झरोका, एवढंच मागितलं. बापूरावांनी पान लावता लावता ऐकून घेतलं.

"वहिनी, आज झरोका, उद्या दार मागाल. आणि आमच्याकडच्या बायका अंगणात वावरतात."

वावरणारी बाई म्हणजे एकटी पार्वती, त्यांची बायको. खाटेवरून कूस न बदलता येणाऱ्या माणसाने छताखालच्या झरोक्यातून तिला पाहायचं कसं, हे कमलिनीने विचारलं नाही. नाराज करून चालणार नव्हतं. ती पुन्हा गेली, परत एकदा गेली. मग जून लागला, आणि जायचं कारणच उरलं नाही.

शिवाजीरावांचं तेरावं झालं आणि बापूराव गवंड्याला घेऊन आले.

"वहिनी, तुम्हाला आता पुढची खोली पुरे. ही भाड्याने देऊ. पण हवेशिवाय राहील कोण, सांगा."



"कहाँ से तोड़ें, भाभीजी?" गवंडी म्हणाला.

कमलिनीने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. मग स्टुलावर चढली आणि पेन्सिलीने चौकट आखून दिली. हातभर नाही, चांगली दोन हात.

दुपारी भिंत फुटली. धूळ खाली बसल्यावर ती पुन्हा स्टुलावर चढली आणि पलीकडे पाहिलं. तडकलेली फरशी, एक रिकामी कुंडी, दोरीवर बापूरावांचं बनियन. एवढंच होतं.

बनियन वाऱ्याने हलत होतं.