सीचा डी करून द्या, सर

अरासेली बारागानला सगळ्या विषयांची मिळून सरासरी चारपैकी अडीच हवी होती आणि तिची होती दोन पूर्णांक अडतीस. एवढ्याशा फरकापायी नऊ वर्षं खेटे घालणारं माणूस दमेल नाही तर काय करेल! दिवसा ती टुलारी गावच्या शाळेत बालवर्गाची मदतनीस म्हणून पोरांची नाकं पुसायची आणि संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात एकेक विषय रेटायची. इथलं उरकायचं, मग विद्यापीठात जाऊन शिक्षिका व्हायचं, असा बेत होता. घरून जाऊन-येऊन करता येईल असं विद्यापीठ एकच, आणि ते अडीचच्या खालच्याला दारात उभं करत नव्हतं.

नापास झालेले सगळे विषय तिने पुन्हा देऊन सुधारले होते. आता अडला होता संख्याशास्त्रात श्रेणी म्हणून मिळालेला सी.

"सी म्हणजे पास," कॉलेजच्या सल्लागार पाओ यांग म्हणाल्या. "पास झालेला विषय पुन्हा घेता येत नाही. डी असता तर घेता आला असता. त्यात ए आणलास की जुना डी हिशेबातून गेला, आणि तू याच वर्षी सुटलीस."

"म्हणजे अजून वाईट शिकले असते तर माझं भलं झालं असतं?"

"नियम मी नाही गं केले. दुसरे दोन विषय घे, सरासरी चढेल. अजून एक वर्ष."

अजून एक वर्ष! हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

त्या सीचं मूळ तिला ठाऊक होतं. वडील गेले, त्यांना माती देऊन ती काळ्या कपड्यांतच थेट शेवटच्या परीक्षेला जाऊन बसली होती. तोवर ती त्या विषयात गटांगळ्याच खात होती. सरांना दया आली आणि त्यांनी ढकलपास केलं, याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती. दयेने दिलेलं परतही घेता येईल, असा तिने हिशेब केला. थकल्या डोक्याला असलंच काहीतरी सुचतं.

संख्याशास्त्राचे विल्कॉक्स सर अजूनही तासिका तत्त्वावरच शिकवत होते. त्यांना बसायला खोली नव्हती. कॉलेजच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या जुनाट गाडीत ते विद्यार्थ्यांना भेटत. अरासेली पुढच्या सीटवर बसली आणि आईने बांधून दिलेले मक्याच्या पिठाचे गरम तमाले तिने पुढे केले.

"ही लाच आहे का?" सरांनी मक्याचं पान सोडवत विचारलं.

"लाच असती तर ए मागितला असता, सर. मला डी हवाय."

तिने सगळं सांगितलं. सर चावायचे थांबले.

"काळे कपडे. आठवतेस तू. मी म्हटलं होतं, घरी जा पोरी, पुढच्या आठवड्यात दे. तू ऐकलं नाहीस."

"आणि म्हणून तुम्ही दया केलीत. आता ती काढून घ्या."

"कसली दया? पास व्हायला तुला तो पेपर अव्वल लिहावा लागणार होता. तू लिहिलास. माझाही विश्वास बसेना, म्हणून मी दोनदा तपासला. दोन्ही वेळा तेवढेच गुण."

अरासेलीला राग आला.

"मग तेव्हाच सांगायचं होतं ना!"

"कुणाला सांगू? तू परत तोंड दाखवलं नाहीस. सी तुझा आहे. मी डी केला तर ते खोटं होईल."

ती गाडीतून उतरली. अजून एक वर्ष हातचं गेलं होतं. ओरडावंसं वाटत होतं, पण तेवढीही ताकद नव्हती. तिथेच फुटपाथच्या कडेला बसून तिने आईला फोन लावला.

"झालं का गं काम?"

"नाही झालं. अजून एक वर्ष जाणार." "आई, बाबांना पोचवून आले त्या दिवशीचा पेपर... तो मी स्वतः सोडवला होता. सरांची दया नव्हती ती."

"मग दुसरं कोण सोडवणार होतं?"