बुरुजावरचं शेवाळ

माझी ताई एकतीस वर्षं एका इस्पितळात सफाईला होती. मोऱ्यांपासून सुरुवात करून थेट ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचलेली. तिथून ती निवृत्त झाली, पण तिचा हात काही निवृत्त झाला नाही. दोन महिन्यांत तिने घरातल्या पंख्यांपासून पायपुसण्यांपर्यंत सगळं धुऊन काढलं आणि एका सकाळी सुनेच्या कुंडीतल्या झाडाचं एकेक पान ओल्या फडक्याने पुसत बसली. त्याच दुपारी सुनेचा मला फोन आला.

"मामा, आईंना काहीतरी काम बघा ना. झाडाचं काही नाही, पण काल त्यांनी माझ्या चपलांचे तळवे घासले."

मी एका थीम पार्कमध्ये रंगारी आहे. तिथले जिराफ, मगरी, परीचा महाल, सगळं ऊनपावसात टिकवून ठेवायचं काम गेली बावीस वर्षं माझ्याकडे. बाहेरच्या वस्तू धुणारं माणूस हवंच होतं. मी मॅनेजरसाहेबांकडे शब्द टाकला आणि ताई सोमवारपासून रुजू झाली.

पहिला आठवडा कौतुकात गेला. तिने बदकांच्या होड्या चोचीच्या आतून घासल्या. शिडी लावून जिराफाच्या कानात हात घातला, तर आत पाखराचं घरटं निघालं. ते तिने हलवलं नाही, पण भोवतालचा कान मात्र लख्ख केला. साहेब म्हणाले, "तुमच्या ताई म्हणजे मशीन आहेत." मी उगाच कॉलर ताठ केली, जणू तिला मीच घडवलं होतं.

मग मुलीच्या घराला रंग द्यायला मी चार दिवस रजेवर गेलो. गुरुवारी परत आलो आणि तळ्याकाठच्या पडक्या किल्ल्यासमोर जागच्या जागी थांबलो.

हा किल्ला म्हणजे माझं सगळ्यात मोठं काम. होता सिमेंटचाच, पण तीन आठवडे खपून मी त्याला तीनशे वर्षांचं म्हातारपण आणलं होतं. बुरुजावर शेवाळ, खिडक्यांच्या गजांखाली गंजाचे ओघळ, दाराच्या कमानीवर धुराची काजळी. आता तो उभा होता पाण्याच्या नव्या टाकीसारखा. पायथ्याशी ताई तारेचा ब्रश झटकत होती.

"आलास? बरं झालं," ती म्हणाली. "अरे, किती वर्षं कुणी हात लावला नव्हता याला? तीन दिवस गेले माझे. सोड्याचे दोन डबे संपले. शेवाळ तर इतकं चिवट की विचारू नकोस."

"ताई, ते शेवाळ मी लावलं होतं."

"लावलं होतंस म्हणजे?"

"रंगाने. स्पंज घेऊन, एकेक ठिपका."

तिने ब्रश बादलीत ठेवला. "आणि तो गंज?"

"तोही."

"जळमटं?"

"कापसाची. बायकोने आणि मी दोन रविवार बसून केली होती."

"लोक रविवारी जळमटं काढतात," ताई म्हणाली.

तेवढ्यात साहेब आले. शनिवारी दोन शाळांच्या सहली यायच्या होत्या. त्यांनी आधी किल्ल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडायच्या आत ताईच पुढे झाली.

"मी केलंय. बाहेरचं सगळं स्वच्छ ठेवायचं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. घाण कुठली ठेवायची, ते कुणी सांगितलं नाही."

"शनिवारपर्यंत जुना करा," एवढंच म्हणून साहेब निघून गेले.

मी रंग कालवायला घेतला. मनातून चिडलो होतो, पण ताईवर चिडायची मला सवय नाही. लहानपणी ती मला कडेवर घेऊन फिरायची आणि ते ती अजून मला विसरू देत नाही. आता ती उपड्या बादलीवर बसून माझं काम बघू लागली. दहा मिनिटं गप्प बसली, हेच खूप.

"शेवाळ असं नसतं."

"मग कसं असतं?"

"तू भिंतभर शिंपडतोयस, अंगावर पुरळ उठल्यासारखं. शेवाळ आळशी असतं रे. जिथे पाणी आयतं मिळतं तिथेच बसतं. पन्हळीखाली, पायरीच्या कोपऱ्यात. उन्हाच्या बाजूला फिरकत नाही. आणि गंजाचा ओघळ असा ओळंब्यासारखा सरळ खाली येत नाही. जिकडे उतार, तिकडे वाकतो."

"बावीस वर्षं रंगारी आहे मी."

"आणि मी एकतीस वर्षं ते खरवडून काढतेय. जास्त ओळख कुणाची असणार?"

मी स्पंज तिच्या हातात कोंबला. तिने पन्हळीखाली हिरवा रंग टिपला, कडेला काळसर, मध्ये पिवळट. मी चार पावलं मागे जाऊन बघितलं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. अडचण एकच. डाग जमला रे जमला की तिचा डावा हात आपोआप फडक्याकडे जायचा. दोनदा तिने स्वतःचंच शेवाळ पुसून टाकलं. शेवटी फडकं मी माझ्या खिशात ठेवलं.

शनिवारी सकाळी किल्ला निदान दर्शनी बाजूने पुन्हा म्हातारा झाला होता, आधीपेक्षाही खरा. पोरं आतबाहेर धावत होती. एक शिक्षिका भिंतीजवळ थांबल्या, त्यांनी नाक मुरडलं आणि शेजारी उभ्या असलेल्या ताईला म्हणाल्या, "बाई, इथे कुणी साफसफाई करतं की नाही? काय अवस्था झालीय भिंतीची."

हे वाक्य ताईला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला. मी शिडीवरून बघत होतो. वाटलं, आता ही सगळं सांगून टाकणार.

"बघते हं," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग डबा उघडता उघडता तिला हसू फुटलं आणि काही केल्या थांबेना. "नाक मुरडलं रे तिने," ती डोळे पुसत म्हणाली. "खरंच वाटलं तिला."

आता दर सोमवारी आम्ही दोघं किल्ल्याला फेरी मारतो. पायऱ्यांवर खरं शेवाळ राहिलं तर कुणाचा तरी पाय घसरायचा, म्हणून ते काढायचं आणि रंगाचं ठेवायचं, असं ठरलंय. ओळखायचं काम माझं, कारण रंगारी मी. परवा तिने तिसऱ्या पायरीवरच्या एका डागाकडे बोट दाखवलं.

"हे कुणाचं?"

मी चष्मा सारखा करून, वाकून बघितलं. रंगांची मिसळण फार सुरेख साधली होती.

"माझं," मी म्हणालो.

तिने नखाने खरवडलं. नखाखाली ओला हिरवा गाळ आला. ती बादली उचलून नळाकडे निघाली. पाठमोरी होती, पण तिचे खांदे हलत होते.