मार्गळीतली छाटणी

"हे कुणी केलं?" चर्चच्या फाटकातच विनुताचा आवाज चढला.

आईच्या मोगऱ्याची, तिच्या लाडक्या मल्लीची, अख्खी रांग छाटून टाकलेली होती. पान म्हणून उरलं नव्हतं, जमिनीतून वीतवीत काटक्या तेवढ्या वर आलेल्या. आईचं तेरावं कालच झालं आणि इथं हे.

सिस्टर अमलोर्पवम हातातला पाइप टाकून पुढे आल्या. तमिळमधून म्हणाल्या, "ओरडू नकोस, मा. भामा टीचरनीच कापलं. मार्गळीत, या थंडीच्या महिन्यात, कापलं तर ईस्टरला वेदीपुरती फुलं येतात. पहिल्या वर्षी मीसुद्धा रडले होते."

विनुता ओशाळली. शेजारच्या शाळेत आईनं जन्मभर गणित शिकवलं. निवृत्तीनंतर ती सकाळी इथं येते, ते पाय मोकळे करायला आणि झाडांना पाणी घालायला, असंच घरी सगळे धरून चालले होते.

सिस्टर सांगू लागल्या, "मला विचारायच्या, तुमचा देव माळी आहे ना, मग माझं अजून काय काय कापायचं ठेवलंय त्यानं? मी म्हणायचे, आधी तुमची जीभ!"

विनुताला हसू आलं आणि लगेच विरलं. "सिस्टर, ती तुमच्यातली झाली होती का?"

"बाप्तिस्मा नव्हता घेतला. मागच्या बाकावर बसायच्या. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, रोप लागलंय का ते उपटून बघायचं नसतं." सिस्टरनी पाइप पुन्हा उचलला. "रविवारी मृतांच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेऊ? तू हो म्हणालीस तरच."

"सांगते," म्हणून विनुता निघाली. अस्थी तिरुवय्यारूला कावेरीत सोडून झाल्या होत्या. आईला दुसरंच काही हवं असेल, तर मोठी चूक झाली होती. आणि नसेल, तर नाव घेऊ दिल्यानं तिला परस्पर कुणाच्या तरी स्वाधीन केल्यासारखं होणार होतं.

घरी अप्पा कॉफी निववत बसले होते.

"अप्पा, अम्मा ख्रिस्ती झाली होती?"

"मज काय ठाव? हितं तुळशीला पाणी घालायची, तितं मल्लीला."

"विचारलं नाही कधी? जन्मभर बरोबर राहिलात!"

"राहिलो. म्हणूनच विचारलं नाही."

"मग नाव घेऊ द्यायचं का?"

"तू येवढी पुस्तकं वाचलीस. तूच सांग." त्यांनी कॉफी एका लोट्यातून दुसऱ्यात ओतली, पुन्हा पहिल्यात ओतली. पिण्याचं काही नाव नव्हतं.

शनिवारी ती परत गेली. भिंतीकडेचं शेवटचं झुडूप, त्या दिवशी तिच्या नजरेतून सुटलेलं, छाटायचं राहिलं होतं. "टीचर इथवर आल्या आणि दम लागला," सिस्टर म्हणाल्या. "कुणाचा हात धजत नाही."

विनुतानं कात्री मागून घेतली. "कुठवर कापू?"

"मला नको विचारू. मी नुसती पाणी घालणारी."

तिनं अंदाजानं कापलं. फार खाली गेलं की काय, कळेना. हिरवी पानं पायाशी पडत राहिली. शेवटची फांदी उतरवून ती म्हणाली, "उद्या घ्या नाव. भामा, एवढंच. मागेपुढे काही लावू नका."

रविवारी अप्पाही आले. अंदोणीसामी, भामा, सवरिअम्मा... फादर वाचत गेले आणि सगळ्यांनी गुडघे टेकले. अप्पांना ते जमेना, आणि बसून राहणंही बरं वाटेना. पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरून, अर्धवट वाकलेले, ते तसेच राहिले.