सरलाबाईचे तागे

कडोदऱ्याच्या कारखान्यात सरलाबाई सहा वर्षं कापडावरचे सुटे धागे कात्रीने कापत होती. १९९६च्या उन्हाळ्यात तागे तपासणारे सुकदेव आप्पा काम सोडून धुळ्याला परतायचं म्हणाले, तशी ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आप्पा, तुमचं काम मला शिकवा."

त्या कारखान्यात हे काम बाईने कधी केलं नव्हतं. आप्पांनी तिला खालीवर पाहिलं. "पंधरा दिवस आहेत. जमलं तर शेठजींना मीच सांगेन."

खालून दिवा लावलेल्या काचेवरून शंभर मीटरचा तागा भराभर सरकायचा. तो गुंडाळला गेला, की 'फ्रेश' का 'सेकंड' ते लगेच सांगायचं. तुटक्या धाग्याला एक गुण, डागाला दोन, भोकाला चार. दहाच्या वर गेलं की सेकंड.

सरलाबाई बेरीज करू लागली. साठाव्या मीटरला सात झाले होते की नऊ, हेच आठवेना, आणि ते आठवण्याच्या नादात पुढचे डाग निसटले. विसातले नऊ तागे चुकले. यंत्रावरचा हिलाल तोंड फिरवून हसला.

डिंडोलीला घरी आल्यावर ती लेकीला म्हणाली, "मना डोकामा आकडा र्‍हातच नही, उज्ज्वला."

"मग आकडे सोड ने, मम्मी! गावच्या लग्नात कोण कोणती साडी नेसलं होतं, ते तर तुला सगळं आठवतं."

दुसऱ्या दिवशी तिने बेरीज सोडली. आप्पांनी निकाल दिलेले तागे ती मनात धरून ठेवू लागली. नवा तागा संपला, की तो त्यातल्या कोणासारखा वाटतो ते बघायचं. विसातले अठरा बरोबर आले.

आठवडाभर हे छान चाललं. मग एक पांढराशुभ्र तागा आला. अगदी फ्रेशसारखा. ती "फ्रेश" म्हणाली. आप्पांनी शेवटचे मीटर उलगडले. तीन भोकं!

"दिसायला गोरा, म्हणून पास केलास."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती जागची हलली नाही. डाग आणि धागे आठवणीने ओळखायचे, पण भोकाला मात्र प्रत्येकी एक बोट मिटायचं, असं तिने ठरवलं. तीन बोटं मिटली, की तागा कितीही देखणा असो, सेकंडच.

शेवटच्या दिवशी शेठजी स्वतः येऊन बसले. एका ताग्यावर आप्पा "फ्रेश" म्हणाले, सरलाबाई "सेकंड."

"उलगडा," ती म्हणाली. शेठजींसमोर तिचा आवाज पहिल्यांदाच निघाला होता.

दोन भोकं लगेच सापडली. तिसरं अगदी काठाला होतं. आप्पांनी चष्मा पुसून वाकून पाहिलं.

"माझं चुकलं, शेठजी," ते म्हणाले. "सोमवारपासून माझ्या जागी हिलाच बसवा."

सोमवारी हिलालने बटणावर हात ठेवून विचारलं, "चालू करू, ताई?"

"कर," म्हणत ती काचेवर वाकली.