उद्या पंचमी नाही

मी धामण बोलतेय. थांबा, पाय वर घेऊ नका आणि काठीही शोधू नका. माझ्या दातांत विष नाही. मला पाहून तुम्ही जेवढे दचकता, त्याहून जास्त मी दचकते. फक्त मला ओरडता येत नाही.

हळूच बोलतेय, कारण माझ्या वेटोळ्यात माझी अंडी आहेत. आणि या फुटक्या स्लॅबपासून थोड्याच अंतरावर एक जेसीबी उभा आहे.

माझा जन्म याच लेआउटमधला, शहराच्या कडेला हुडकेश्वरच्या पुढचा. पूर्वी इथं तुरीचं वावर होतं म्हणे. मग कुणीतरी ते विकत घेतलं, चुन्याच्या रेघा मारल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर सिमेंटचे दगड पुरले. खुल्या जागेत एक छोटं ऑफिस बांधलं. प्लॉट विकून झाले तसा तो माणूस निघून गेला. रस्ता कच्चाच राहिला, नाली अर्ध्यात थांबली, खांबांवर दिवे आलेच नाहीत. ऑफिसचा स्लॅब कोसळला. त्या ढिगाऱ्यात मी अंड्यातून बाहेर आले.

गाजरगवत, बेशरम, बाभळी, साचलेलं पाणी. तुम्ही नाक दाबून जात होतात, पण मला तिथं बेडूक मिळत होते, उंदीर मिळत होते, लपायला जागा मिळत होती. प्लॉटवाले वर्षातून एकदा, दसऱ्याला यायचे. आपल्या दगडावर आपट्याची पानं ठेवायचे, नारळ फोडायचे, 'यंदा बांधू' म्हणायचे आणि निघून जायचे.

घरं बांधून राहणारे थोडेच होते. त्यात मैनाबाई. त्या उमरेडच्या कोष्ट्यांच्या. घरचे हातमाग कधीच गेले, पण बसल्या की अजून त्यांचे पाय चालतात. डावा दाबायचा, उजवा दाबायचा, मागावर बसल्यासारखे. मला तुमच्यासारखे कान नाहीत. जमिनीची थरथर कळते. इतकी वर्षं तुमच्या पायांखाली काढली की हळूहळू बोलणंही उमगायला लागतं. त्या दोन पायांच्या तालाची मात्र मला कधी भीती वाटली नाही. बाकी सगळ्यांच्या पावलांची वाटते.

गेल्या पावसाळ्यात मैनाबाईंचे यजमान नानाजी यांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स चिखलात रुतली. शेजाऱ्यांनी त्यांना खाटेवर घालून मोठ्या रस्त्याकडं पळवत नेलं. मी बेशरमच्या झुडपात अंग चोरून पडले होते. जाताना ती पावलं फार घाईत होती. परत आली तेव्हा कुणालाच घाई नव्हती. नानाजी वाटेतच गेले होते.

तेरवीनंतर त्यांची सून मयुरी घरोघरी गेली. मिहानमधल्या नोकरीवरून अंधारात घरी येताना तिनंही त्या रस्त्यानं खूप सोसलं होतं. तिनं प्लॉटधारक संघ उभा केला. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले मधुसूदनजी अध्यक्ष झाले. ठरलं की ज्यानं त्यानं आपापला प्लॉट साफ करायचा आणि रविवारी सगळ्यांनी मिळून रस्ता. पुण्या-मुंबईच्या मालकांना फोन गेले. खांबांवर दिवे आले. मुरूम पडला. नाली वाहती झाली. संध्याकाळी बायका फिरायला निघू लागल्या.

हे सगळं चांगलंच झालं. मी धामण असले तरी तेवढं मला कळतं. पण एकेक प्लॉट मोकळा व्हायचा तशी मी मागं सरकायची. एका रविवारी गवताला आग लावली. माझ्याच जातीची एक धामण धुरातून रस्त्यावर आली आणि कुणीतरी ओरडलं, "नाग! नाग हाय गा, मारा!" ती नाग नव्हती. ते कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून माणसांचा घोळका जमला की माझं अंग आखडतं.

शेवटी उरली ही खुली जागा. स्लॅबखालच्या पोकळीत मी अंडी घातली आणि त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसले. काही दिवसांपूर्वी संघाची सभा नेमकी माझ्या डोक्यावरच भरली. खुर्च्यांचे पाय कुरकुरत होते. मधुसूदनजी म्हणाले, "हा ढिगारा उचलला की बगीचा. जेसीबी सांगून टाकलाय." टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांनी स्लॅबची माती माझ्या पाठीवर झरझर पडली. अंडी उचलून नेता येत नाहीत. सोडून जाणं मला जमलं नाही.

आज सकाळी जेसीबी आला. तो यायच्या आधीच जमीन शहारली. आवाज इतका जवळ आला की मी डोळे मिटले असते. पण आम्हाला पापण्या नाहीत. सगळं बघावंच लागतं.

आणि मग तो ताल. लगबगीनं चालणारे ते दोन पाय.

"थांब गा! बंद कर ते!" मैनाबाई हातात ताट घेऊन आल्या होत्या. "आज पंचमी हाय. आज कोनी भुई उकरते का?"

मधुसूदनजींनी कपाळाला हात लावला. "अरेच्चा! कॅलेंडर पाहायचं राहूनच गेलं. पण मावशी, मनाई नांगराला आहे. जेसीबी काय नांगर आहे का?"

"नांगराचा बापच हाय ना जी तो," असं म्हणत चालक हेमराजनं इंजिन बंद केलं आणि खाली उडी मारली. "मले तर सकाळपासूनच कसंतरी होऊन राहिलं, काकाजी. माह्या मायनं आज चुलीवर तवा नाही ठेवला, अन् मी इथं जमीन फाडून राहिलो!"

"मग घरून निघालास काहून?"

"तुम्ही फोनवर फोन लावले म्हणून!"

कुणीतरी हसलं. मयुरी हसली नाही. "आई, उद्यापरवा हा जेसीबी दुसऱ्या कामावर जाईल. मग दिवाळीपर्यंत हे असंच राहील. बाबांना कसं न्यावं लागलं, विसरलात का?"

मैनाबाईंनी हातातलं ताट सावरलं. "खाटेचा एक पाय मी धरला होता वं मयुरी. मले रस्ता नको असंन का? बगीचा नको असंन का? पन आजच्या दिवशी नाही."

मग त्यांनी स्लॅबच्या भेगेजवळ ताट ठेवलं, लाह्या वाहिल्या आणि वाटीभर दूध भेगेत ओतलं.

तुम्हा माणसांना कुणी सांगितलं की आम्ही दूध पितो? दूध थेट अंड्यांकडं ओघळत आलं. मागोमाग लाल मुंग्यांची रांग. मुंग्या अंडी शिल्लक ठेवत नाहीत. जेसीबीला घाबरून आत बसलेली मी पूजेला घाबरून बाहेर आले.

"साप! साप!" आत्ताच जोडलेले हात काठ्या शोधू लागले. मला तो धूर आठवला. मी फण्यासारखं डोकं वर काढून फुसकारले. शूर होते म्हणून नाही हो. पळायला जागाच नव्हती.

"ताट ठेवून देवाले मारता का रे?" मैनाबाई मध्ये उभ्या राहिल्या. त्या दुरूनच वाकल्या. "धामण हाय ही. इख नाही हिले. अन् हे पाहा, अंडे हायेत आत."

मयुरी पुढं आली. तिनं भेगेत वाकून बघितलं. मग तिनं पाण्याची बाटली काढली आणि दूध, मुंग्या, सगळं दुसऱ्या बाजूला वाहवून दिलं. मी सरकत पुन्हा अंड्यांभोवती गेले.

"पिल्लं निघेपर्यंत एवढा कोपरा ठेवू या का?" तिनं विचारलं.

"आज पंचमी, म्हणून आज ठीक आहे," मधुसूदनजी काठी न सोडता म्हणाले. "उद्या लहान मुलं इथं खेळायला येतील. पिल्लं निघाली तर जबाबदार कोण? उद्या सकाळी काम सुरू."

तेही घाबरले होते. त्यांच्या नातवंडांसाठी. मी त्यांना दोष कसा देऊ?

मैनाबाईंनी सभेतली एक प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली आणि माझ्या स्लॅबवर ठेवली. "उद्या सकाळपासून मी इथं बसून राहीन. मले उचला, मंग खोदा."

हेमराज हळूच म्हणाला, "मी दुसऱ्या टोकाकून सुरू करतो, मावशी. पन तुम्ही या बरं का. तुम्ही नसल्या तर मी नाही म्हनू शकत नाही. मी रोजीचा मानूस."

आता सगळे घरी गेले आहेत. घराघरांतून पुरणाच्या दिंडांचा वास येतोय. नव्या दिव्यांखाली मुलं सायकली फिरवताहेत. जेसीबीचं लोखंडी पातं जमिनीला टेकलंय, आणि त्याच्या तेलाचा वास माझ्या जिभेवर आहे. माझ्या डोक्यावर खुर्चीचे चार पाय आहेत. ते हलत नाहीत, काही बोलत नाहीत.

मैनाबाईंचं वय झालंय. त्यांचे गुडघे दुखतात. सकाळी उठायला उशीर झाला तर?

आज दुपारी एका अंड्याच्या आत काहीतरी हललं. अगदी हलकं. मी अंग आणखी आवळून घेतलं.

तुमच्यापैकी कुणी या लेआउटमध्ये राहत असाल तर माझं एवढं काम करा. माझी पूजा करू नका, दूध ओतू नका. सकाळी जेसीबी सुरू व्हायच्या आत फक्त मैनाबाईंच्या दारावर एक थाप मारा. मी जमिनीला अंग टेकून त्या दोन पायांची वाट पाहतेय.